हार्लनची सुटाबुटातली संध्याकाळ

जहाजावर रात्रीच्या जेवणाला लांब पँट लागते, हे हार्लन स्कोग्लंडला कोणी सांगायची गरज नव्हती. उलट ती इतरांनाही लागते, हे जहाजवाल्यांना पटवून देण्यातच सात दिवसांच्या सहलीतले त्याचे पहिले पाच दिवस खर्ची पडले होते. आणि तरीही सातव्या दिवशी संध्याकाळी, भोजनगृहाचं दार उघडायला अडीच तास उरलेले असताना, अख्ख्या जहाजावर ज्या एका सभ्य गृहस्थाकडे लांब पँट नव्हती तो गृहस्थ नेमका हार्लनच निघाला. आमच्या मिनेसोटातले लूथरन पंथाचे लोक अशा वेळी दैवाला दोष देत नाहीत. "बघा, असं होतं," एवढंच म्हणतात, आणि हवामानाकडे वळतात.

हार्लन चौतीस वर्षं काउंटीच्या बांधकाम खात्यात तपासनीस होता. घराच्या जिन्याची पायरी पावणेआठ इंचांपेक्षा उंच झाली की तो ती उखडायला लावायचा, मग ते घर कोणाचंही असो. स्वतःच्या साडूचा जिना त्याने दोनदा उखडायला लावला होता. निवृत्त झाला तरी खिशातली मोजपट्टी काही निवृत्त झाली नाही. जहाजावर पाऊल ठेवल्याबरोबर त्याने पहिल्या जिन्याच्या तीन पायऱ्या मोजल्या. तिन्ही नियमात बसल्या, आणि तो थोडा हिरमुसला.

पण ही सहल जिन्यासाठी नव्हती, फोटोसाठी होती.

त्याचं आणि मार्लिसचं लग्न एकोणऐंशी सालच्या मार्चमध्ये झालं, त्या दिवशी असं हिमवादळ सुटलं की फर्गस फॉल्समधून बाहेर पडणारे सगळे रस्ते बंद. नवरदेवाचा सूट शेजारच्या गावात शिंप्याकडे अडकला. पाद्रीबुवा बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीवरून आले, आणि हार्लन आपल्या भावाचा बर्फात काम करायचा पोशाख घालून वेदीपुढे उभा राहिला. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच जाडजूड तपकिरी प्रकरण, मधे लांबलचक चेन, आणि छातीवर मक्याच्या बियाण्याच्या कंपनीचं नाव. शेजारी मार्लिस पांढऱ्याशुभ्र झग्यात. तो फोटो पंचेचाळीस वर्षं त्यांच्या बैठकीच्या खोलीत कपाटावर आहे, आणि त्याच्यापुढे मार्लिसने पहिल्याच वर्षी एक फर्नची कुंडी ठेवली ती अशा बेताने, की नवरी पूर्ण दिसावी आणि नवरदेव हनुवटीच्या वर दिसावा. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त लग्नाच्या वाढदिवशी ती फर्नला जरा जास्त पाणी घालायची. हार्लनला ते दिसायचं.

शाळेच्या खानावळीत एकोणतीस वर्षं पोरांना वाढून मार्लिस निवृत्त झाली तेव्हा म्हणाली होती, "मला एकदा कोणीतरी बसवून वाढावं. आणि तू सूट घालून समोर असावास. आणि त्याचा फोटो असावा. बस्स."

बस्स म्हणणाऱ्या बायकांची मागणी फार मोठी असते, हे हार्लनला ठाऊक होतं. त्याने काळा सूट शिवला.

चर्चच्या तळघरात रविवारच्या कॉफीला ही बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. चार सहली केलेली आर्लिस बाके तर खुर्ची ओढून समोरच बसली.

"हे बघ हार्लन, शेवटच्या दिवशी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या खाली तळात नेतात आणि सकाळी किनाऱ्यावर देतात. जितक्या लवकर ठेवशील तितकी चांगली. आमच्या नॉर्मनने उशीर केला, तर पाच बॅगा स्वतः उचलून जिना उतरावा लागला त्याला."

"आणि सगळं भरू नका हो," पलीकडून नॉर्मन क्षीण आवाजात म्हणाला. "दुसऱ्या दिवशीचे कपडे बाहेर ठेवा. मी पहिल्या वेळी सगळं भरलं होतं."

"मग?"

"मग मी फ्लोरिडात अंघोळीच्या पंच्यावर उतरलो."

हार्लनने वहीत दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. लवकर ठेवणे. दुसऱ्या दिवशीचे कपडे बाहेर. सल्ले दोन्ही सोन्यासारखे होते, त्यांत खोट काढायला जागा नाही.

जहाजाच्या पत्रकात लिहिलं होतं: सुटाबुटाच्या संध्याकाळी दोन, दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी, त्या दिवशी मोठ्या जिन्यावर फोटोग्राफर उभे राहतील. बाकीच्या दिवशी भोजनगृहात साधे नीटनेटके कपडे. अर्धी विजार, बिनबाह्यांचे सदरे आणि डोक्यावर टोपी चालणार नाही. हार्लनने हे पत्रक वाचलं तेव्हा त्याचे डोळे पाणावले, असं मार्लिस सांगते. नियम असावेत आणि ते छापलेले असावेत, यापरतं सुख त्याला नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी ते आपल्या ठरलेल्या टेबलाशी गेले, आणि टेबलावर टोपी बसली होती.

टोपीखाली लुईझियानाचा क्लोव्हिस थिबोडो होता. बुटका, गोलमटोल, उन्हाने रापलेला, आयुष्यभर कोळंबीच्या होड्या चालवलेला. टोपी मळकी निळी, पुढे भरतकामात मासा काढलेला. शेजारी त्याची बायको अर्लीन. सातही दिवस हेच चौघं एका टेबलावर, असा जहाजाचा हिशेब.

"या, या! बस रे भावा!" क्लोव्हिसने हार्लनच्या पाठीवर थाप मारली. आमच्याकडे इतकी जवळीक व्हायला दोन पिढ्या शेजार लागतो. "काय खाणार? मी दोन-दोन सगळंच मागवलंय!"

हार्लन टोपीकडे बघत राहिला. टोपी त्याच्याकडे बघत राहिली. पण तो टोपीबद्दल अवाक्षर बोलला नाही. आमच्याकडे माणसाला तोंडावर काही सांगणं हे असंस्कृतपणाचं लक्षण मानतात. तो उद्याच्या वाऱ्याविषयी बोलला, लोण्याची तारीफ केली, आणि जेवण उरकताच तडक काउंटरवर जाऊन तक्रारीचा फॉर्म मागितला.

काउंटरवर मारिसेल नावाची फिलिपिनो मुलगी होती. तिचं हसू पाची दिवस तसूभर हललं नाही.

"तुमचं म्हणणं मी वर कळवते, सर."

"वर म्हणजे कुठे?"

"वर, सर."

जहाजाला चौदा मजले होते, तेव्हा वर म्हणजे पुष्कळच काही असू शकत होतं. दुसऱ्या दिवशी हार्लनने दुसरा फॉर्म भरला. त्यात टोपीच्या छज्ज्याची लांबी दिली होती, पावणेतीन इंच, अंदाजे. तिसऱ्या फॉर्मला त्याने पत्रकातलं कलम जोडलं. चौथ्यात इतिहास आला, पाचव्यात भूगोल.

"तू त्यालाच का सांगत नाहीस?" मार्लिस म्हणाली.

"त्याला वाईट वाटेल."

"आणि हे फॉर्म?"

"हे त्याला कळणार नाहीत ना."

दुसऱ्या दिवशीची सुटाबुटाची संध्याकाळ समुद्राने खाल्ली. जहाज असं डोललं की मार्लिस हिरवीगार पडली. हार्लन काळा सूट, टाय, चकचकीत बूट अशा थाटात तिच्या उशाशी बादली धरून बसला होता. खोलीची देखभाल करणारा वायान हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं घेऊन आला आणि हार्लनकडे बघून दारातच आदराने थबकला.

"सर, कोणी... गेलं का?"

"नाही, नाही. जेवायला जाणार होतो."

सहाव्या दिवसावर सगळी भिस्त होती. त्या दिवशी कसल्याशा कारणाने बंदरातून निघायलाच चार तास उशीर झाला. पाच वाजता कप्तानाचा आवाज आला, "आजची सुटाबुटाची संध्याकाळ होऊ शकणार नाही..." आणि एवढं ऐकताच हार्लन तीरासारखा खोलीबाहेर पडून लिफ्टमध्ये शिरला. लिफ्टमध्ये कर्णा नव्हता. त्यामुळे "...ती उद्या, शेवटच्या दिवशी, आठ वाजता होईल" हे उरलेलं वाक्य साडेतीन हजार लोकांनी ऐकलं आणि एकाने ऐकलं नाही. मारिसेलने ते त्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं होतं, पण हार्लन तक्रार सांगताना कोणाला मधे बोलू देत नसे.

रागावला की हार्लन गप्प बसतो. खूश असला तरी तो गप्पच असतो, त्यामुळे मार्लिसला फरक कळला नाही. सातव्या दिवशी सकाळी दाराखालून रोजचं छापील पान आत आलं. त्यावर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत संध्याकाळचा कार्यक्रम होता. पण हार्लनने निषेध म्हणून ते पान वाचायचं सोडलं होतं. त्याने ते उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर टोपीबद्दलच्या सहाव्या फॉर्मचा मसुदा लिहिला.

दोन वाजता मार्लिस म्हणाली, "मी केस करून घ्यायला जाते. सहाला येते." तिचा निळा झगा आधीच अर्लीनच्या खोलीत होता, कारण अर्लीनने वाफेची इस्त्री चोरून जहाजावर आणली होती. इस्त्रीला जहाजावर सक्त मनाई असते. ही गोष्ट दोघी बायकांनी हार्लनपासून लपवून ठेवली, नाहीतर सातवा फॉर्म अटळ होता.

खोलीत एकटा उरल्यावर हार्लनने मनाशी ठरवलं: सुटाबुटाची संध्याकाळ नाही ना? मग आज आपणही वरच्या मजल्यावर, जिथे लोक ओल्या चड्डीत पिझ्झा खातात, तिथे जेवायचं. मोडू द्या जगाची घडी. त्याने कडू मनाने काळा सूट घडी करून बॅगेत ठेवला. त्यावर बूट. त्यावर बाकीच्या पँटी. आर्लिस आणि नॉर्मन दोघांचेही सल्ले पाळून उद्यासाठी खाकी अर्धी विजार, मासेमारी स्पर्धेचा टीशर्ट आणि पांढरे कापडी बूट तेवढे बाहेर ठेवले. चार वाजता बॅगा दाराबाहेर. साडेचारला वायानने त्या हसतमुखाने उचलल्या.

पाचला खोलीबाहेरच्या बोळात क्लोव्हिस समोरून आला.

"अरे भावा, काय हे! आज सूट घालायचा ना रात्री? की तू चड्डीत येणार?" आणि तो खदखदून हसला.

"कसला सूट?"

क्लोव्हिसने सांगितलं. हार्लन भिंतीला टेकला. मग त्याने ते छापील पान आणलं, आपला मसुदा उलटा केला आणि पहिली ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"बॅगा गेल्या," तो म्हणाला.

"गेल्या? हात्तिच्या! मग माझी पँट घे की. जास्तीची आहे माझ्याकडे. कोटही आहे."

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. मिनेसोटात कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर" असं म्हणून घ्यायचं. कॉफीचा कप असो की मूत्रपिंड, हीच पद्धत. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस अधाशी.

"नको, नको," हार्लन म्हणाला. "उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? घे ना!"

"नको... चालेल माझं."

"बरं बुवा, तुझी मर्जी," क्लोव्हिस म्हणाला, आणि निघून गेला.

हार्लन दारात उभा राहिला. त्याला वाटलं, वळेल. क्लोव्हिस वळणावरून दिसेनासा झाला. हार्लन आणखी पाच मिनिटं तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा होता, मोठ्या शिस्तीने.

मग तो काउंटरवर धावला. आयुष्यात पहिल्यांदा तो तक्रार घेऊन नव्हे, गरज घेऊन गेला होता, आणि दोन्हींच्या रांगा एकच असतात हे त्याला तिथे कळलं.

"बॅगा तळात कुलुपात असतात, सर," मारिसेल म्हणाली. "किनाऱ्यावर जकातवाले येईपर्यंत उघडता येत नाहीत. नियम आहे."

"अपवाद?"

"त्यासाठी फॉर्म आहे, सर. बॅगेच्या चिठ्ठीचा नंबर घालायचा."

चिठ्ठीचा अर्धा तुकडा जपून ठेवावा, असं पत्रकात होतं. हार्लनने तो जपून ठेवला होता, काळ्या सुटाच्या आतल्या खिशात.

नियम बरोबर होता. हार्लन तिच्या जागी असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, किंबहुना चौतीस वर्षं सांगितलं होतं. आपल्या कचेरीतल्या टेबलापलीकडे घाम पुसत उभी राहिलेली माणसं त्याला आठवली, आपला साडूही आठवला. जहाजावरच्या दुकानात फुलाफुलांचे सदरे होते, टोप्या होत्या, लांब पँट एकही नव्हती. भाड्याचे सूट दुपारीच संपले होते. उरलेला एक, आठ वर्षांच्या मुलाचा, दुकानदाराने केवळ माणुसकी म्हणून दाखवला.

सहाला मार्लिस आली. केस असे वळवलेले की ती जरा वेगळीच दिसत होती. अंगावर निळा झगा, कानात तिच्या आईची कर्णफुलं. हार्लन पलंगाच्या कडेला खाकी चड्डीत बसला होता. गुडघे फार पांढरे होते.

त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. मार्लिस ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त खाली बसली आणि कर्णफूल काढायला लागली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "वरती पिझ्झाही चांगला असतो म्हणतात."

फर्नला पाणी घालताना ती अशीच दिसायची.

"क्लोव्हिसने पँट देऊ केली होती," तो हळूच म्हणाला.

मार्लिसचा हात कानाशीच थांबला. "मग?"

"नको म्हणालो."

"किती वेळा?"

"दोनदाच! तो तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच गेला!"

"हार्लन, तो लुईझियानाचा आहे! ती माणसं एकदा विचारतात, तेही ताट वाढून! त्याला वाटलं असेल तुला त्याची पँट चालत नाही."

"मग आता?"

"आता तू जाऊन मागायची."

मागायची! हार्लनने उभ्या जन्मात कोणाकडे शिडीसुद्धा मागितली नव्हती. एकदा घराच्या छपरावर अडकला होता, तेव्हा शेजाऱ्याने वर बघून "सगळं ठीक ना?" विचारलं, तर "अगदी ठीक" म्हणून दोन तास वर बसला होता. पण मार्लिसचं एक कर्णफूल कानात होतं आणि एक हातात, आणि ते परत कानात जायचं की डबीत, हे ठरायचं होतं. तो उठला.

क्लोव्हिसच्या दारासमोर तो दीड मिनिट उभा होता. मग त्याने दार वाजवलं. दार उघडलं. समोर क्लोव्हिस मागे लांब शेपटी असलेल्या काळ्याभोर कोटात उभा होता. पांढरं जाकीट, पांढरा बो, कडक कॉलर. डोक्यावर टोपी, मासेवाली.

"मला..." हार्लन म्हणाला. "मला पँट हवी आहे. कृपा करून. आणि आधी सांगतो, मी तुमच्या टोपीवर तक्रारी केल्या आहेत. लेखी."

"माहिताय," क्लोव्हिस म्हणाला. "पाच ना? वेटर सांगत होता."

"सहा."

"सहा!" क्लोव्हिस हरखला. "अर्लीन, ऐकलंस? सहा! आत ये रे भावा, चड्डीत काय उभा राहतोस."

कपाटातून त्याने दुसरा पोशाख काढला. काळी पँट आणि जांभळ्या मखमलीचा कोट, हिरवं अस्तर, कडांना सोनेरी गोट. उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आधी त्यांच्याकडे जो सण असतो, त्यात मोठे नाच होतात, आणि क्लोव्हिस तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नाचमंडळाचा ड्यूक, म्हणजे मानकरी, झाला होता, त्याचा हा कोट.

"आमच्या नाचाला शेपटीचा कोट नसेल तर सख्ख्या बापाला दारातून परत पाठवतात. मी स्वतः पाठवलाय."

"वडलांना?"

"मेव्हण्याला. पण मजा तेवढीच आली."

म्हणजे कपड्यांचे नियम पाळायला हा गडी हार्लनच्या दोन पावलं पुढेच होता. हार्लनने धीर करून विचारलं, "मग ही टोपी का?"

सात दिवसांत त्याने मनात बरीच कारणं रचली होती. नवस असेल, आजारपण असेल, बापाची शेवटची आठवण असेल.

"आवडते मला," क्लोव्हिस म्हणाला.

पँट चढवली. हार्लन सव्वासहा फूट, काठीसारखा. त्याने मोजपट्टी लावली. कंबर बारा इंच जास्त, लांबी पाच इंच कमी.

"नियमात बसत नाही," तो सवयीने म्हणाला.

"नियमात नको बसू, पँटीत बस," अर्लीन म्हणाली, आणि तिने मागच्या बाजूला कापड मुठीत धरून त्यावर चंदेरी चिकटपट्टीचे चार वेढे मारले. चिकटपट्टी हार्लनचीच. ती आणि मोजपट्टी त्याने बॅगेत भरली नव्हती. अशा वस्तू अमेरिकन माणूस जकातवाल्यांच्या भरवशावर सोडत नाही. पोटऱ्यांपाशी उघडं राहिलं तिथे क्लोव्हिसचे काळे मोजे गुडघ्यापर्यंत ओढले. खाली पांढरे कापडी बूट.

मार्लिसने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतलं काजळ ओघळलं आणि अर्लीनला ते परत लावावं लागलं. पण दोन्ही कर्णफुलं कानात होती.

भोजनगृहाच्या दारात नवी पाटी झळकत होती: 'पाहुण्यांच्या आग्रही सूचनांवरून आजपासून पोशाखाचे नियम काटेकोरपणे पाळले जातील.' पाटीशेजारी मुख्य वेटर दाव्होर उभा होता. त्याने हार्लनचा जांभळा कोट पाहिला, पोटऱ्या पाहिल्या, बूट पाहिले. बूट कापडी नसावेत असं नियमात कुठेच नव्हतं. पँट लांब होती, निदान कोणासाठी तरी. दाव्होरने मान लववली आणि क्लोव्हिसकडे वळला.

"माफ करा सर. टोपी."

"काढतो की!" क्लोव्हिसने ताबडतोब टोपी काढली. "आधी कोणी म्हणालंच नाही मला. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी काढली असती."

हार्लनला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घ्यावं. पण पायांखाली सात मजले जहाज आणि मग समुद्र होता. सहा फॉर्म! त्याने क्लोव्हिसकडे पाहिलं. कपाळाचा वरचा अर्धा भाग पांढराफटक, खालचा तांबूस, आणि मधे टोपीची रेघ. हा कोणीतरी परका माणूस होता. हार्लनला आपला माणूस परत हवा होता.

"घाल ती," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने क्लोव्हिसला एकेरी हाक मारली होती. मग दाव्होरकडे वळून, "तक्रार माझी होती. मी मागे घेतो."

"त्यासाठी फॉर्म भरावा लागेल, सर."

"आणा."

मग दारातच, मागे रांग खोळंबलेली असताना, क्लोव्हिसच्या गुबगुबीत पाठीवर कागद ठेवून हार्लनने सातवा फॉर्म भरला. 'टेबलावरचे गृहस्थ टोपी घालतात. त्यांना घालू द्यावी. टोपी स्वच्छ आहे.' टोपी स्वच्छ नव्हती. सरकारी नोकराच्या हातून घडलेलं हे पहिलंच खोटं लेखी निवेदन, आणि त्याखाली त्याने सहीही केली.

मग मार्लिसला बसवून वाढलं गेलं. सूप आलं, मासा आला, कोकराचं मांस आलं, आणि प्रत्येक वेळी ती ताट पुढे सरकवायला उठू लागायची आणि अर्लीन तिला खाली बसवायची. हार्लन बघत होता. एकोणतीस वर्षं हिने दुसऱ्यांच्या पोरांची ताटं भरली, आणि आपण समोर बसून हिला नुसतं जेवताना कधी पाहिलंच नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला पाण्याचा घोट घ्यावा लागला. या चार माणसांच्या टेबलावर जे काही आज होतं, त्यात त्याचं स्वतःचं काही नव्हतं. पँट दुसऱ्याची, कोट दुसऱ्याचा, मोजेसुद्धा दुसऱ्याचे. इतका श्रीमंत तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

"एप्रिलमध्ये आमच्याकडे या," क्लोव्हिस तोंडात घास असताना म्हणाला. "अंगणात मोठ्या पातेल्यात तळ्यातले झिंगे उकडतो आम्ही. चार दिवस राहा."

टेबलाखाली मार्लिसने पाय उचलला, हार्लनच्या पायावर द्यायला. हार्लनच्या ओठांवर 'नको, उगाच तुम्हाला त्रास' तयारच होतं, सत्तर वर्षांच्या सवयीने.

"येतो," हार्लन म्हणाला.

मार्लिसचा पाय अधांतरीच राहिला. "एकदा विचारल्यावर?" ती म्हणाली. "मला तीनदा विचारावं लागलं होतं! लग्नाचं!"

"तिसऱ्यांदा हो म्हणालो ना?"

"तिसऱ्यांदा तू म्हणालास, तुला फार त्रास होणार नसेल तर."

"झाला का?" हार्लनने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"झाला," मार्लिस म्हणाली, आणि त्याच्या ताटातलं शेवटचं लोणी आपल्या पावाला लावलं.

जेवण झाल्यावर चौघं मोठ्या जिन्याशी गेले. फोटोग्राफर मुलीने स्कोग्लंड जोडप्याला तिसऱ्या पायरीवर उभं केलं. कॅमेऱ्यातून पाहिलं. मग कॅमेरा खाली केला आणि अत्यंत सभ्यपणे हार्लनच्या पोटऱ्यांकडे आणि बुटांकडे पाहिलं.

"सर, एक सुचवू? बाजूला ही झाडं आहेत शोभेची. एक कुंडी पुढे घेते. म्हणजे खालचं काही दिसणार नाही, फक्त वरचं."

तिने उत्तराची वाट न बघता कुंडी सरकवली. फर्नच होता. हार्लनने मुकाट्याने हनुवटी वर केली. त्याला त्या जागेची सवय होती.

मार्लिस दोन पायऱ्या उतरली. निळ्या झग्याचा घोळ सावरून तिने कुंडीला दोन्ही हात घातले आणि ती सरळ भिंतीपर्यंत ढकलत नेली. मग परत येऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याचा जांभळा कोपर घट्ट धरला.

"सगळा येऊ दे," ती म्हणाली. "बुटांसकट."

तो फोटो आता फर्गस फॉल्सला बैठकीच्या खोलीत, जुन्या फोटोच्या शेजारी आहे. एकात तपकिरी, एकात जांभळा, दोन्हींत हार्लन पुरा दिसतो. फर्न स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. तिथे ऊन बरं येतं.